सायको : शॉवरच्या सीनचं शूटिंग

ॲल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'मधला (१९६०) बाथरूममधल्या खुनाचा सीन. पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट, पण शूटिंगला जवळपास आठवडा गेला, डिसेंबर १९५९ मध्ये. सगळा सिनेमाच ८ लाख डॉलरच्या आसपास उरकायचा होता म्हणून हिचकॉकने स्वतःच्या टीव्ही मालिकेचं युनिट घेतलं, कॅमेऱ्यावर जॉन रसेल. कॅमेऱ्याच्या ७८ जागा आणि ५२ कट हे आकडे सगळीकडे येतात, पण सीन कुठून सुरू धरायचा यावर ही मोजणी थोडी हलते.

खरा वाद आहे तो हा सीन डिरेक्ट कोणी केला याचा. ग्राफिक डिझायनर सॉल बासने टायटल्स केली आणि या सीनचा स्टोरीबोर्डही (शॉटवार चित्रं) काढला, श्रेयनामावलीत त्याचं नाव चित्र-सल्लागार म्हणून आहे, इथपर्यंत ठीक. पण पुढे मुलाखतींमधून बास सांगायला लागला की सेटवर सीन घेतलाही मीच. हिचकॉकने त्याची मुलाखत घेणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं ते अगदी दुसऱ्या टोकाचं, की बासला फक्त डिटेक्टिव्ह जिना चढतो तेवढा भाग आखायला दिला होता आणि तोही वापरला नाही. शॉवरखाली स्वतः उभी राहिलेली जेनेट ली आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीन या दोघांनीही बासचा दावा साफ नाकारला. सेटवर हजर असलेल्यांची साक्ष जास्त वजनाची मानावी लागते. तरी बासची चित्रं आणि तयार सीन शेजारी ठेवून बघा, बरेच शॉट जुळतात, त्यामुळे बासला अगदीच बाजूला सारणंही अन्यायाचं होईल.

खुन्याचं काम करणारा अँथनी पर्किन्स त्या दिवसांत न्यूयॉर्कला नाटकाच्या तालमीत होता, सुरा धरलेली आकृती डबलची, म्हणजे त्याच्या जागी उभ्या केलेल्या दुसऱ्या कुणाची, आहे. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, काळ्या-पांढऱ्यात ते छान दिसायचं (कंपनी कुठली यावर मतं वेगळी). सुऱ्याच्या आवाजासाठी वेगवेगळी खरबुजं भोसकली आणि हिचकॉकने डोळे मिटून ऐकून कसाबा जातीचं निवडलं असं सांगतात. त्याला इथे संगीतच नको होतं, बर्नार्ड हरमनने तरीही नुसत्या तंतुवाद्यांचा तुकडा लिहिला आणि तो ऐकल्यावर हिचकॉकचं मत फिरलं.

एडिट झालेला सिनेमा बघताना हिचकॉकची बायको अल्मा रेव्हिल हिला मेलेली जेनेट ली हलल्यासारखी दिसली. कुणी म्हणतं तिने आवंढा गिळला, कुणी म्हणतं श्वास घेतला. तेवढ्या फ्रेम्स कापून तिथे शॉवरचा शॉट घातला गेला.