पाय दुमडून बसलेली मांजर आणि अंग चोरून बसलेली मांजर

मांजर पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसली की घरातलं कुणीतरी फोटो काढतं आणि खाली लिहितं, ‘ध्यानाला बसलीय’. अशा काही फोटोंत मला दुखणं लपवणारी मांजर दिसते, आणि जीव कासावीस होतो. या दोन बैठकींची गल्लत थांबायलाच हवी.

निवांत मांजर तुम्ही रोज पाहता. पंजे छातीखाली सैल दुमडलेले, मान वर, हाक मारली की निदान एक कान तुमच्याकडे वळतो. शेपटी कुठे आहे याचा इथे फारसा उपयोग नाही.

खरी फसगत होते ती चेहऱ्यावर. मिटलेले डोळे दोन्हीकडे दिसतात, पण निवांत मांजरीच्या पापण्या जड होऊन हळूच खाली येतात, तुमच्याकडे बघत ती त्या सावकाश उघडमीटही करते. दुखत असलं की डोळे आवळलेले असतात, तिखट धूर गेल्यासारखे. मग मिशा बघा. एरवी त्या सैल, किंचित खाली वळलेल्या असतात. वेदनेत त्या ताठ होऊन पुढे येतात. गोल दिसणारं तोंड चपटं, ताणलेलं होतं आणि कानांची टोकं एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर फिरतात. माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र डोक्यावर. ते खांद्यांच्या रेषेखाली गेलं आणि तिथेच राहिलं, तर फोटो काढणं सोडा आणि डॉक्टरांना फोन लावा.

कॅनडातल्या माँट्रिऑल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये याच पाच गोष्टींवर वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली: कान, डोळे, तोंड, मिशा, डोकं. प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 10 पैकी 4 किंवा त्यावर गेली, तर वेदनाशामक द्यायचा विचार व्हायला हवा. मांजर झोपेत असताना, खाताना किंवा अंग चाटताना गुण देऊ नका, चुकतील.

आमचा बोका एका दुपारी फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसला होता. हात लावला तर घुरघुरत होता, म्हणून सगळे म्हणाले, बरा आहे, राहू दे. घुरघुर ऐकून निश्चिंत होणं मला आता सहनच होत नाही. मांजर दुखत असताना, घाबरलेली असतानाही घुरघुरते. मी खाली वाकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर चेहरा नेला, तेव्हा मिशा सुयांसारख्या पुढे आलेल्या दिसल्या. सकाळपासून तो वाळूच्या ट्रेमध्ये चारदा जाऊन आला होता आणि वाळू कोरडी होती. लघवी अडली होती. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच संध्याकाळी नळी घालून लघवी मोकळी केली, म्हणून तो वाचला.

आणि दुखतंय असं वाटलं तरी घरातली पॅरासिटामॉल, अगदी पाव गोळीसुद्धा, तिला देऊ नका. मांजरीचं यकृत ती नीट पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि मांजर दगावते.