इन्स्टंट (जुन्या इंग्रजी वृत्तलेखनातील)

इन्स्टंट : तारखेच्या आकड्यापुढे लिहिला जाणारा, ‘चालू महिन्याची’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. आज तो कॉफी आणि नूडल्समुळे ‘झटपट’ या अर्थाने घरोघरी माहीत आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या वृत्तपत्रांत मात्र ‘५ इन्स्टंट’ म्हणजे या महिन्याची ५ तारीख. गेल्या महिन्यासाठी ‘अल्टिमो’ आणि येत्या महिन्यासाठी ‘प्रॉक्सिमो’ हे त्याचे जोडीदार. छापताना तिन्हींची इन्स्ट., अल्ट., प्रॉक्स. अशी रूपे होत. लग्न-मृत्यूच्या वार्तांत पहिली दोन सारखी भेटतात. प्रॉक्सिमो बहुधा लिलाव, सभा आणि जहाजांच्या सुटण्याच्या जाहिरातींत.

हे तिन्ही शब्द मूळचे लॅटिन. सतराव्या शतकात महिन्याचे नाव जोडून ‘धिस इन्स्टंट मे’ असेही लिहीत. पुढे नाव गळले आणि विशेषण तेवढे उरले.

वृत्तपत्रांत ही पद्धत आली ती पत्रव्यवहारातून. त्या काळची बातमी म्हणजे बहुतेकदा कुणाचे तरी पत्र, नाहीतर दुसऱ्या वृत्तपत्रातला उतारा, आणि तो जसाच्या तसा छापायची रीत होती. त्यामुळे ‘चालू महिना’ हा पत्र लिहिणाराचा असे, वाचणाराचा नव्हे. ब्रिटिश आणि फ्रेंच-स्पॅनिश आरमारांतल्या ट्रफाल्गरच्या लढाईचे उदाहरण घ्या. लढाई झाली २१ ऑक्टोबर १८०५ रोजी. ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या मृत्यूनंतर सूत्रे हाती घेतलेल्या कॉलिंगवुडने २२ ऑक्टोबरला खलिता लिहिला. ‘पिकल’ नावाच्या छोट्या जहाजाने तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला आणि ६ नोव्हेंबरला लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राच्या जादा अंकात छापून आला. त्यात शत्रूचे आरमार बंदराबाहेर पडल्याची खबर ‘१९ इन्स्टंट’ला मिळाल्याचे आणि लढाई ‘२१ इन्स्टंट’ला झाल्याचे म्हटले आहे. अंक नोव्हेंबरचा, तारखा ऑक्टोबरच्या!

इथे घोटाळा लगेच लक्षात येतो, कारण ६ तारखेच्या अंकात १९ तारखेची हकिगत असणार कशी? खरा फसवा प्रकार वेगळा. २० नोव्हेंबरच्या अंकात ३० ऑक्टोबरचे पत्र उतरवले असेल आणि त्यात ‘१२ इन्स्टंट’ असेल, तर १२ नोव्हेंबर हे वाचन बिनदिक्कत बसते आणि चूक कुणाच्या ध्यानात येत नाही. जागरूक संपादक अशा ठिकाणी ‘इन्स्ट.’चे ‘अल्ट.’ करत, सगळेच जागरूक नसत. म्हणून घराण्यांचे इतिहास शोधणाऱ्यांनी अंकाच्या तारखेआधी पत्राची तारीख पाहावी. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या विलायती उताऱ्यांना हे अधिकच लागू आहे, कारण केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, येणारे जहाज इथे पोचेपर्यंत कित्येक महिने उलटलेले असत.

मराठी वाचकाला ही तऱ्हा परकी वाटू नये. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांत ‘सालमजकूर’ म्हणजे चालू साल आणि ‘सालगुदस्त’ म्हणजे गेले साल. फरक इतकाच, की तिथे मोजमाप वर्षाचे आहे. मजकूरचा मूळ अर्थ ‘उल्लेखिलेला’. इटालियनमधून इंग्रजीत आलेला ‘डिट्टो’ही आधी तारखांच्याच यादीत, ‘सदर महिन्याची’ अशा अर्थाने वापरला जाई.

तारायंत्राने बातमी ताजी केली. १८७० मध्ये समुद्री तारेने लंडन आणि मुंबई जोडली गेली. बातमी कालची किंवा आजची असू लागल्यावर वार नाहीतर महिन्याचे नाव देणेच सोयीचे ठरले. व्यापारी पत्रांत मात्र हे शब्द विसाव्या शतकातही रेंगाळले; लेखनाच्या मार्गदर्शिका ‘महिन्याचे नाव लिहा’ असे बजावत राहिल्या, आणि ते रास्तच होते. भारतीय न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत ‘इन्स्टंट केस’ म्हणजे ‘प्रस्तुत प्रकरण’ हा प्रयोग आजही नित्याचा आहे.