फुप्फुसांतील विकृत ध्वनी

फुप्फुसांतील विकृत ध्वनी : छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर ऐकू येणारे, निरोगी फुप्फुसात नसणारे आवाज. निरोगी छातीत मऊ सळसळ असते. श्वास घेताना ती स्पष्ट असते, सोडताना लवकर विरते. फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात कागदाच्या सुरळीतून छाती ऐकली आणि पुढे लाकडी नळी बनवली. रुग्ण जिवंत असताना ऐकलेला आवाज शवविच्छेदनात दिसलेल्या फुप्फुसाशी ताडून त्यांनी १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला.

आवाज कोणता, एवढ्यावर निदान होत नाही. तो श्वासाच्या कोणत्या टप्प्यात आणि छातीच्या कोणत्या भागात येतो, हेही पाहावे लागते. कानाजवळ केस चोळल्यासारखे बारीक क्रॅकल्स (तुटक तडतड आवाज) श्वास घेण्याच्या अखेरीस येतात. मिटलेल्या सूक्ष्म श्वासनलिका एकदम उघडल्याने ते होतात. पाठीवर दोन्ही बाजूंना तळाशी ते ऐकू आले तर हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी साचले आहे किंवा फुप्फुसे तंतुमय झाली आहेत, अशी शंका घेतात. जाड, बुडबुडल्यासारखे क्रॅकल्स कफामुळे येतात व खोकल्यावर बदलतात. म्हणून रुग्णाला खोकायला लावून पुन्हा ऐकावे. न्यूमोनियात घट्ट झालेल्या भागावर मोठ्या श्वासनलिकेतला कर्कश श्वास थेट ऐकू येतो.

बोलीत ‘छाती वाजते’ म्हणतात ती बहुधा व्हीझ, म्हणजे अरुंद श्वासनलिकांतून येणारी शिटी. दमा व सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार) ही तिची नेहमीची कारणे. मात्र लहान मुलाच्या एकाच बाजूला ती अचानक सुरू झाली, तर शेंगदाण्यासारखी वस्तू अडकल्याचा संशय आधी घ्यावा. श्वास घेताना गळ्याशी येणारा कर्कश आवाज, म्हणजे स्ट्रायडर, स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येतो. वरचा श्वासमार्ग अरुंद झाल्याची ती खूण असल्याने तातडीने उपचार लागतात.

फुप्फुसावरणाला सूज आल्यास दोन थर घासून करकर येते. श्वास रोखल्यावर ती थांबते. हृदयावरणाची घासण तेव्हाही चालूच राहते.

तीव्र दम्यात शिटी अचानक थांबली आणि रुग्ण थकत चालला असेल, तर हवा जवळजवळ आत जातच नसते. नवशिक्याला ही सुधारणा वाटू शकते. प्रत्यक्षात ही सर्वांत धोक्याची अवस्था. एकाच बाजूचा श्वासध्वनी नाहीसा झाला असेल तर बोटांनी छाती ठोकून पाहतात : फुप्फुसाबाहेर पाणी साचले असल्यास ठोका बद्द लागतो, हवा भरली असल्यास पोकळ.