टिकटिक केव्हा थांबते?

इंजिनाच्या बाजूने टिकटिक ऐकू आली की ‘टॅपेट (इंजिनाच्या झडपांना, म्हणजे व्हॉल्व्हना, ढकलून उघडणारे छोटे भाग) वाजताहेत’ हे निदान बहुतेक वेळा बॉनेट उघडण्याआधीच होऊन जाते. माझ्या गाडीच्या बाबतीतही तसेच झाले. वीसेक मिनिटे गाडी चालवल्यावर ती कुठे उभी राहिली की पुढच्या भागातून बारीक, कोरडी टिकटिक सुरू व्हायची, चार-पाच मिनिटे चालायची आणि आपोआप बंद पडायची. दुरुस्तीला नेली की गाडी अगदी शांत असे. तरीही टॅपेट बदलून घ्या, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून घ्या, असा सल्ला मला मिळाला.

‘आवाज सारखा येत नाही, त्यामुळे तो सापडत नाही,’ अशी तक्रार गाडी चालवणारे आणि दुरुस्त करणारे दोघेही करतात. मला मात्र असा आवाज शोधायला अधिक सोपा वाटतो. सतत येणाऱ्या आवाजात तुलनेसाठी दुसरी स्थितीच मिळत नाही. याउलट येणारा-जाणारा आवाज थंड इंजिनात सुरू झाला की तापलेल्या, चढावर वाढला की उतारावर, गती वाढवल्यावर जलद झाला की तसाच राहिला, यांपैकी प्रत्येक उत्तर संशयितांपैकी काहींना वगळते. तो केव्हा येतो याच्याइतकेच तो केव्हा थांबतो हे लिहून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

पहिले काम मोजण्याचे. चार-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे हे चक्र पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांच्या खाली-वर होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या लागतात. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम नावाचे उंचवटेदार भाग असलेला दांडा, तेवढ्या वेळात एकच फेरी घेतो, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह एका चक्रात एकदाच उघडायचा असतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर निवांत चालत असेल तर क्रँकशाफ्टच्या सेकंदाला १५ आणि कॅमशाफ्टच्या साडेसात फेऱ्या होतात. म्हणून एकच टॅपेट सैल असेल तर तो सेकंदाला साडेसात वेळा वाजेल, क्रँकशाफ्टवरच्या पुलीत अडकलेला खडा प्रत्येक फेरीला म्हणजे १५ वेळा वाजेल, आणि चार सिलिंडरांचे इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) मिळून ३० वेळा वाजतील. कानाला हा फरक जाणवतो, पण आकड्यात सांगता येत नाही. त्यासाठी मोबाइलवर काही सेकंदांचे ध्वनिमुद्रण करून त्याची लहर दाखवणाऱ्या कोणत्याही साध्या प्रणालीत ते उघडावे. प्रत्येक टिक तिथे सुळक्यासारखी उभी दिसते. दोन सुळक्यांमधले अंतर ०.१३३ सेकंद असेल तर संशय कॅमशाफ्टच्या बाजूला जातो, ०.०६७ सेकंद असेल तर क्रँकशाफ्टच्या. नंतर इंजिनाची गती १,८०० पर्यंत वाढवून पुन्हा मोजावे. अंतर निम्मे झाले नाही, तर तो आवाज इंजिनाच्या फिरण्याशी बांधलेलाच नाही.

आता ज्याच्यावर सरसकट आळ येतो त्या टॅपेटकडे वळू. मला स्वतःला इंजिनातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे अधिक थांबतो.

व्हॉल्व्हचा दांडा तापला की लांब होतो. पोलादाचा १०० मिलिमीटरचा दांडा ३०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढतो. भोवतालचे सिलिंडर हेडही (सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) प्रसरण पावते, पण दोघांचे प्रसरण सारखे नसते. या फरकासाठी साध्या, यांत्रिक टॅपेटमध्ये जागा सोडलेली असते. ती इंजिनागणिक बदलते, पण बहुधा मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी असते आणि फीलर गेजच्या पात्यांनी मोजली जाते. ही फट वाढली की कॅमचा उंचवटा टॅपेटवर हलकेच टेकण्याऐवजी आदळतो आणि टिक होते. फट अजिबात उरली नाही तर आवाज होत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो आपल्या बैठकीवर टेकलेला असतानाच निघून जाते, त्यामुळे अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह जळतो. नुसता आवाज घालवण्यासाठी फट कमी करून घेणे म्हणूनच घातक आहे.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हा प्रश्न ऑइलच्या एका छोट्या स्तंभाने सोडवला आहे. कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या १९३० च्या मोटारीत अशी योजना होती आणि तिचा उद्देश इंजिन शांत चालावे हाच होता. एका पेल्यात एक लहान दट्ट्या बसवलेला असतो. दट्ट्याखाली स्प्रिंग आणि ऑइलची बंद खोली असते, आणि दट्ट्याच्या तळाशी असलेल्या भोकावर एक छोटी पोलादी गोळी एकेरी दारासारखी बसलेली असते. व्हॉल्व्ह मिटलेला असतो तेव्हा स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलून सगळी फट भरून काढते, आणि वाढलेल्या जागेत गोळीच्या बाजूने ऑइल उतरते. पुढच्या क्षणी कॅमचा उंचवटा येतो, खोलीतला दाब चढतो, गोळी भोकावर घट्ट बसते आणि कोंडलेले ऑइल जणू पोलादाचा तुकडा असल्यासारखे व्हॉल्व्हला उघडते. फट शून्य, म्हणून आवाजही नाही.

पण खोली पूर्ण बंद असती तर दांडा लांब झाल्यावर व्हॉल्व्ह उघडाच राहिला असता. म्हणून दट्ट्या आणि पेला यांच्यामध्ये काही मायक्रॉनची फट मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यातून प्रत्येक वेळी किंचित ऑइल निसटते आणि टॅपेट स्वतःची लांबी जुळवून घेतो. अशा चिंचोळ्या फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि ऑइलच्या दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. फट झिजून दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. ऑइल तापून पातळ झाले की ती आणखी वाढते. झिजलेला टॅपेट थंड इंजिनात शांत असतो आणि तापल्यावर वाजू लागतो, तो यामुळे. मग कॅमचा उंचवटा चढत असतानाच स्तंभ आखडतो, व्हॉल्व्ह थोडा लवकर आणि जोरात आपटून मिटतो, आणि टिक ऐकू येते.

याच्या उलट चित्रही दिसते. गाडी रात्रभर उभी असताना ज्या टॅपेटवर दाबलेल्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा भार असतो त्यातले ऑइल हळूहळू निसटून जाते. सकाळी इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दाब वरपर्यंत पोहोचून ती खोली भरेपर्यंत काही सेकंद टिकटिक होते आणि थांबते. एवढ्यावरून इंजिन उघडण्याचे कारण नाही. तीच टिकटिक कित्येक मिनिटे रेंगाळू लागली, तर गोळीखाली मळ अडकला आहे किंवा ऑइलची वाट तुंबली आहे असा संशय घ्यावा.

तिसरी शक्यता हवेची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. ऑइलमध्ये शंभरात एक भाग हवेचे बुडबुडे मिसळले, तरी वातावरणाच्या दाबाला त्या मिश्रणाचा ताठपणा शंभरपटींहून अधिक घसरतो. दाब चढल्यावर बुडबुडे आकसतात आणि ताठपणा परत येतो, पण तोवर दट्ट्या खचलेला असतो. ही हवा दोन वाटांनी येते. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा चढावर पंपाच्या तोंडाशी हवा शिरते. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरले असेल तर फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो. म्हणून टिकटिक ऐकू आली की पहिली तपासणी डिपस्टिकची (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीची) करावी आणि तिच्यावरची वरची व खालची अशा दोन्ही खुणा पाहाव्यात.

ऑइलमध्ये ओतताच इंजिन कायमचे शांत करणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती मला याच ठिकाणी आठवतात. मळाने अडकलेल्या गोळीला एखाद्या प्रक्षालकाचा उपयोग होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण रुंदावलेली फट कोणत्याही बाटलीने अरुंद होत नाही. दाट ऑइल घालून आवाज घालवणे हीसुद्धा तात्पुरती लपवाछपवी आहे. गळती कमी होते खरी, पण थंड इंजिनात तेच ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. कोणत्या दाटपणाचे ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेत ठरवून दिलेले असते आणि ते तसेच घालावे.

सेकंदाला साडेसात या आकड्याचे इतर मानकरीही आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून, म्हणजे सांध्यातल्या पातळ चकतीमधून, एका सिलिंडरचा वायू निसटत असेल तर चक्रात एकदाच फटकारा बसतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. मात्र तो थंड इंजिनात मोठा असतो, धातू प्रसरण पावून फट मिटली की विरतो, आणि ॲक्सिलरेटर दाबून इंजिनावर भार आणला की वाढतो. टॅपेटच्या आवाजाला भाराचे फारसे सोयरसुतक नसते. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टाही बहुधा दिसतो. या गळतीकडे दुर्लक्ष करू नये, कारण त्या वायूत रंग-गंध नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. दमट हवेतच येणारी टिकटिक स्पार्क प्लगच्या तारेतून किंवा टोपीतून निसटणाऱ्या विजेची असू शकते. अंधारात लांबून पाहिल्यास निळसर ठिणगी दिसते. तिथला विद्युतदाब हजारो व्होल्टचा असल्याने हात लावू नये. इंजेक्टरांचा जलद, एकसारखा आवाज तर दोषच नव्हे, आणि सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांचा उच्चदाब पंपही निरोगी अवस्थेत टिकटिकतो.

आवाजाची जागा शोधायला लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. पोलादातून हवेत शिरताना आवाजाची बहुतेक सर्व ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत फिरते, कारण दोन्ही माध्यमांच्या ध्वनिरोधात (ध्वनिलहरींना माध्यम करत असलेल्या विरोधात) सुमारे एक लाख पटींचा फरक आहे. जे काही हवेत येते ते बॉनेटखाली आपटून पसरते, त्यामुळे नुसत्या कानाला दिशा चुकीची वाटते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक व्हॉल्व्ह कव्हरवर आणि मूठ कानापुढच्या हाडावर टेकवली की कंपने घन पदार्थांतूनच येतात, आणि हात चार बोटे सरकला तरी फरक कळतो. टोक फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब असावे, सैल कपडे आणि केस आवरलेले असावेत. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. गती आणि भार वाढताच वाढणारा जड, खोल ठोका ऐकू आला किंवा ऑइलच्या दाबाचा दिवा लागला, तर मोजत बसू नये. तो ठोका बेअरिंगचा असू शकतो, म्हणून इंजिन तिथेच बंद करावे.

माझ्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला दहा सुळके दिसले. इंजिनाची गती दुप्पट केली तरी ते दहाच राहिले, आणि त्या एका निरीक्षणाने टॅपेट, मॅनिफोल्ड आणि प्लग हे तिन्ही एकदम वगळले गेले. इंजिनाशी ताल न जुळणारा आणि इंजिन तापल्यावरच सुरू होणारा भाग म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती सक्रिय कोळशाच्या डब्यात शोषून ठेवतात, आणि इंजिन पुरेसे तापल्यावर त्याचा संगणक विद्युतचुंबकावर चालणारा हा छोटा व्हॉल्व्ह भराभर उघडझाप करून ती वाफ इंजिनात सोडतो. वाफ ओढण्याचे काम थांबले की उघडझापही थांबते. त्या व्हॉल्व्हवर बोट ठेवले तेव्हा प्रत्येक टिक बोटाला जाणवली. त्याची वायर क्षणभर काढताच आवाज बंद झाला आणि इंजिनाचा इशारादर्शक दिवा लागला. वायर परत जोडल्यावर टिकटिक पुन्हा सुरू झाली. दिवा दोन-तीन दिवसांनी आपोआप गेला. व्हॉल्व्ह उघडून मिटत होता, म्हणजे नेमून दिलेले काम करत होता, म्हणून मी काहीही बदलले नाही. त्याला धरून ठेवणारी रबरी बैठक तेवढी कडक झाली होती आणि कंपने पत्र्यापर्यंत पोहोचवत होती. ती नवी बसवल्यावर आवाज फक्त बॉनेट उघडल्यावरच ऐकू येतो.