शिसे कठीण करणे (बंदुकीच्या गोळ्यांसाठी)

शिशाच्या गोळीचा धातू कठीण करण्यासाठी त्यात कथील, अँटिमनी (एक ठिसूळ, रुपेरी धातू), पारा इ. मिसळण्याची जुनी पद्धत. शुद्ध शिसे इतके मऊ असते, की त्यावर नखाचा ओरखडा उठतो. ते ३२७° से.ला वितळते, त्यामुळे चुलीवर लोखंडी पळी ठेवूनही गोळ्या ओतता येत.

ठासणीच्या बंदुकीत हा मऊपणा गुणच होता. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये याची १८४९ मधील पोकळ बुडाची गोळी नळीत सैल उतरे आणि बार उडताच बूड फुगून रायफलीच्या आट्यांत (नळीच्या आतील पिळदार खाचांत) घट्ट बसे. कठीण गोळी अशी फुगलीच नसती. गरज बदलली ती मागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्यावर. दाब व वेग वाढले, तशी मऊ गोळी आट्यांवरून घसरू लागली आणि नळीत शिशाचा थर चिकटू लागला.

पहिला उपाय म्हणजे कथील, आपल्याकडचे कल्हईचे. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या ४८० ग्रेनच्या (सु. ३१ ग्रॅ.) गोळीत १२ भाग शिशाला १ भाग कथील असे. जाड कातडीच्या जनावरांवर गोळी चपटी होऊ नये म्हणून शिकारी पाराही मिसळत. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने हा प्रकार करणाऱ्यालाच महागात पडण्याजोगा होता.

कथिलापेक्षा अँटिमनी स्वस्त आणि थोड्या प्रमाणातही अधिक परिणामकारक, पण जास्त झाल्यास धातू ठिसूळ होतो. छापखान्यातले खिळे याच कुळातले. लायनोटाइपच्या (अक्षरांची अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत साधारण ८४% शिसे, १२% अँटिमनी व ४% कथील असते. ब्रिनेल मापाने त्याची कठिनता २२च्या आसपास, तर शुद्ध शिशाची जेमतेम ५. छापखाने मोडीत निघाले, तेव्हा अमेरिकेतील हौशी गोळी ओतणाऱ्यांनी ही भंगार अक्षरे आवडीने विकत घेतली.

छऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ मध्ये उंचावरून वितळलेले शिसे चाळणीतून पाण्यात पाडण्याचे पेटंट घेतले. त्यात किंचित आर्सेनिक घालत, ते मुख्यतः थेंब गोल व्हावा म्हणून. अँटिमनी व थोडे आर्सेनिक असलेली गोळी साच्यातून गरम असतानाच पाण्यात टाकली, तर ती बरीच कठीण होते. नुसत्या शिसे-कथिलाला याचा फारसा उपयोग नाही.

१८८२ मध्ये स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन याने गोळीवर तांब्याचे कवच चढवले. धूरविरहित दारूच्या वेगाला नुसते शिसे, कितीही कठीण केले तरी, पुरेना. कवचाच्या आतल्या गाभ्यात मात्र अजूनही बहुधा थोडे अँटिमनी घातलेले शिसेच असते.