गोष्टीतला शब्द तिरपा कशाला?

‘कथेतला परका, बोलीतला किंवा मनाने रचलेला शब्द तिरप्या (इटॅलिक) टाइपातच हवा, नियमच आहे तसा,’ असं लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मराठीत असा नियम नाही. हा रिवाज रोमन लिपीचा. तिथेही सुरुवातीला त्याचा खास शब्दांशी संबंध नव्हता. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या मुद्रकाने अख्खं पुस्तकच तिरप्या टाइपात छापलं होतं.

देवनागरीत संगणक बहुतेक वेळा सरळ अक्षर नुसतं कलवतो. शिरोरेषा आडवीच राहते, दांडे तेवढे झुकतात आणि ‘र्मी’चा रफार पुढच्या अवतरणचिन्हाला जाऊन टेकतो. (मला तर ते लोकलच्या दाराशी लटकल्यासारखं दिसतं.)

आता गिरणगावातली गोष्ट घ्या. ‘आज खाडा झाला, बदलीवाला लावला’ म्हणणाऱ्याला ‘खाडा’ हा खास शब्द वाटतच नाही. तो तिरपा केलात की लालबागचा माणूस बाजूला राहतो आणि लेखकाचा चष्मा दिसायला लागतो. रचलेल्या शब्दाला पहिल्या खेपेला एकेरी अवतरण दिलं की भागतं. पात्राच्या मनातली ओळ तिरपी ठेवायची तर खुशाल ठेवा, पण छपाईआधी एक पान कागदावर काढून बघा.