समर्पण एकदाच करायचं असतं का?

‘एकदा खरं समर्पण केलं, म्हणजे आपली इच्छा देवाच्या हाती दिली, की मनातला झगडा कायमचा संपतो,’ असा मेसेज आपल्या मंडळींच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय.

तसं नाही. बायबलमधलं लूक ९:२३ उघडा, तिथे येशूने आपल्यामागे येणाऱ्याला स्वतःचा वधस्तंभ (क्रूस) ‘दररोज’ उचलायला सांगितलंय. मत्तय १६:२४ आणि मार्क ८:३४ मध्ये हेच वचन आहे, पण ‘दररोज’ नाही. गैरसमज होणं साहजिकच. मग मत्तय २६:३९ ते ४४ सावकाश वाचा. गेथशेमाने बागेत येशू पालथा पडून विनवतो: हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख, टळो, तरी देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि हे एकदा नाही, तीनदा!

पुण्यात, कॅम्पातल्या चर्चमध्ये उपासनेनंतर एक मावशी बाकावरच बसून राहिल्या होत्या. ‘माझं समर्पण खोटंच का रे?’ त्यांच्या मांडीवरच्या बायबलमध्ये मी हेच पान काढून दिलं.